सुभेदारांच्या फासळ्या

मनुबाईला राग आला की ती भांडी घासायची. राग मोठा असला तर पितळेचा हंडा, लहान असला तर चहाचं पातेलं. घरात सगळ्या मापाची भांडी होती आणि सगळ्या मापाचे राग. सांगलीच्या त्या दवाखान्यात मात्र तिच्यापाशी एक स्टीलचा डबा आणि दोन पेले, एवढाच ऐवज. ते घासून घासून असे लखलखीत झाले की भेटायला आलेली माणसं त्यात मिशा बघून घेऊ लागली. मग राग घालायला जागा उरली नाही, तेव्हा ती खाटेशेजारच्या स्टुलावर बसून माणसं न्याहाळू लागली. त्या कामात तिचा हात कुणी धरला नसता. कोण कशासाठी आलाय आणि जाताना काय घेऊन जाणार, हे तिला समोरचा दारात चप्पल काढायच्या आत कळायचं.

तिच्या नवऱ्याला, म्हणजे निवृत्त सुभेदार आकाराम यांना, ट्रॅक्टर आणि उसाची ट्रॉली यांच्या मधून ओढून काढून आणलं होतं. ट्रॉलीच्या दांड्यात खिट्टी घालायची होती. काम पोरासोरांचं, पण दुसऱ्यानं घातलेली खिट्टी सुभेदारांना कधी पटली नाही. ते स्वतः मधे शिरले आणि "ये, ये, ये" म्हणत राहिले. ट्रॅक्टरवर पुतण्या इंद्रजित होता. तो आला. थांबायचं तिथं थांबला नाही, एवढंच.

डाव्या अंगाच्या ओळीनं पाच फासळ्या गेल्या होत्या, आणि प्रत्येक दोन दोन ठिकाणी. आयसीयूच्या दाराबाहेर डॉक्टर नौशीन मुजावर यांनी ते समजावून सांगितलं. बाई तिशी-पस्तिशीच्या, बोलणं सावकाश. ऐकणारे नऊ-दहा जण होते आणि त्यांतले निम्मे पुढं काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

"फासळी एका जागी मोडली तर बाकीची छाती तिला धरून ठेवते," डॉक्टर म्हणाल्या. "इथं प्रत्येक फासळी दोनदा मोडलीये, म्हणजे मधला तुकडाच सुटा झालाय. श्वास घेताना छाती वर येते, हा तुकडा आत जाईल. आत्ता सूज आहे, अंग आखडलंय, म्हणून फारसं दिसत नाही. आता दोन वाटा आहेत. एक, ऑपरेशन करून फासळ्यांना धातूच्या पट्ट्या बसवायच्या. दुसरी, कापायचं नाही. दुखणं नीट मारायचं, खोल श्वास घ्यायला लावायचा, खोकायला लावायचं. हाडं आपली आपण जुळतात. दोन्ही वाटांनी माणसं चालत घरी गेलीत. दोन्हीकडं अडलेली पण बघितलीत मी."

"मग बरी कुठली?" सुभेदारांचे धाकटे भाऊ लालासाहेब यांनी विचारलं.

"फोटोवर ठरत नाही. ते श्वास कसा घेतात, खोकतात किती, दुखतं किती, त्यावर ठरेल. श्वास साधला तर हात लावायचा नाही. न साधला तर वेळ घालवायचा नाही."

डॉक्टर आत गेल्या आणि भावकीची बैठक सुरू झाली. जो ज्या वाटेनं कधी गेला नाही, तोच त्या वाटेवरचे खाचखळगे नीट सांगतो, हा नियम तिथंही पाळला गेला.

"फासळीला कधी प्लास्टर बघितलंय का? मग पट्टी कशाला?"

"माझ्या साडूच्या पायात प्लेट हाय. आभाळ भरून आलं की ह्यो माणूस आधी सांगतो. हवामान खात्याला म्हाईत नसतंय."

"आन् आत लोखंड आसलं की विमानतळावर शिट्टी वाजती म्हनं."

"तू कवा गेलतास रं विमानतळावर?"

"सांगत्यात लोक."

ऑपरेशन करा म्हणणारेही होते. मनुबाईनं पाहून ठेवलं, त्यांतल्या बहुतेकांना संध्याकाळी गावाकडं परतायचं होतं आणि पुन्हा यायचं नव्हतं. नको म्हणणाऱ्यांत लालासाहेब पहिले. ते साताऱ्यात सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. सगळा जन्म तिथं गेल्यामुळं आज निर्णय न घेणं हाच त्यांना निर्णय वाटायचा. शिवाय इंद्रजित त्यांचा मुलगा. त्याची फौजेची भरती तोंडावर आलेली. दवाखान्यातल्या पोलीस चौकीवर सुभेदारांचा जबाब द्यायचा बाकी होता, आणि छाती फाडून पट्ट्या बसवलेल्या माणसाचा जबाब जितका जड, तितका चार दिवसांत चहा पीत घरी आलेल्या माणसाचा नसतो. हे लालासाहेब बोलले नाहीत. बोलायला ते काही दुधखुळे नव्हते.

मनुबाईला कुणी काही विचारलं नाही. चहा किती सांगायचे, एवढं विचारलं.

आता खुद्द ज्याची छाती मोडली त्याचं ऐका. आयसीयूतली नर्स दर थोड्या वेळानं यायची आणि विचारायची, "काका, दुखणं दहापैकी किती? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही."

"दोन," सुभेदार म्हणायचे.

ओठ पांढरे, कपाळावर घामाचे थेंब, पायाच्या बोटांनी चादर घट्ट धरलेली, आणि तोंडानं दोन. मनुबाई काचेतून बघत होती. हा आकडा तिच्या जुन्या ओळखीचा होता. दाढ काढताना त्यांनी भुलीचं इंजेक्शन नाकारलं होतं. विंचू चावला तेव्हा ग्रामसभा संपेपर्यंत पायावर पाय टाकून बसले होते आणि आभाराचं भाषणही केलं होतं. गावात ही गोष्ट अजून सांगतात. मात्र ग्रामसभेहून घरी आल्यावर त्यांनी उशी दातात धरली, ते गावाला माहीत नाही.

डॉक्टरांनी पाठीतून बारीक नळी घालून दुखणं बधिर करायचं सुचवलं, तर सुभेदार हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "म्याडम, दोन दुखण्याला... पाठीत सुई कशाला? बाकी... सब ठीक है."

मनुबाईनं नर्सला बाजूला घेतलं. "बाई, त्यांचं दोन म्हंजे दोन न्हवं."

"मावशी, पेशंट सांगतात तेच आम्हाला लिहावं लागतं."

मागं उभे असलेले लालासाहेब हसले. "वैनी घाबरल्यात. अवो, फौजी मानूस हाय त्यो. तुमच्या-आमच्यासारका न्हाई."

मनुबाई गप्प बसली. चार माणसांत नवऱ्याला खोटं पाडायचं तिला जमलं नाही. त्या गप्प बसण्याचा तिला पुढं जो राग आला, त्याला घरातला हंडासुद्धा पुरला नसता.

कारण दोन या आकड्यानं सगळ्यांची सोय झाली. दोन म्हटल्यावर गोळी साधी पुरली. दोन म्हटल्यावर आयसीयूत कशाला ठेवायचं, म्हणून लालासाहेबांनी ओळखी काढून स्पेशल रूम मिळवली. तिथं नर्सला एका खाटेऐवजी चार खोल्या बघायच्या होत्या. इंद्रजितचा जीव भांड्यात पडला. आसामकडं फौजेत असलेल्या मुलाचा, ऋषिराजचा, फोन आला, तर सुभेदार म्हणाले, "सुट्टी मागू नको रं. खरचटलंय." ज्याचं दुखत नाही अशा आजाऱ्याइतका उपयोगी माणूस जगात दुसरा नाही, त्याच्याकडून कुणालाच काही लागत नाही.

आणि स्पेशल रूम मिळाल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली.

मनुबाईनं त्यांच्या जाती पाडल्या होत्या. पहिले शहाळंवाले: हे दारातूनच "उठू नका, उठू नका" म्हणायचे, म्हणजे सुभेदारांना उठावंच लागायचं. दुसरे दाखलेवाले: यांच्या ओळखीत असाच एक जण बरा झालेला आणि असाच एक जण गेलेला असायचा, आणि गेलेल्याची गोष्ट जास्त रंगायची. तिसरे माजी सैनिक. हे सर्वांत वाईट. ते आले की सुभेदार उशीला टेकून ताठ बसायचे, लडाखच्या थंडीची गोष्ट काढायचे, आणि ते गेले की भिंतीकडं तोंड करून कण्हायचे. कण्हणं ऐकायला तेवढी बायको.

खोल श्वास घ्यायला दवाखान्यानं तीन गोळ्यांचं यंत्र दिलं होतं. नळी तोंडात धरून श्वास ओढायचा, गोळ्या वर चढायच्या. सुभेदारांची एक गोळी कशीबशी हलायची. पण माजी सैनिक आले की ते यंत्र हळूच आडवं करायचे, मग तिन्ही गोळ्या टोकाला जाऊन बसायच्या, आणि खोलीत "वा सुभेदार!" व्हायचं.

"आवं, कुणाला फशिवताय?" माणसं गेल्यावर मनुबाई म्हणाली. "गोळ्यांना का छातीला?"

"तुला... काय कळतंय त्यातलं," सुभेदार म्हणाले. वाक्य लहान, पण मधे थांबावं लागलं.

एका संध्याकाळी गावाच्या तालमीतले जोतीराम वस्ताद आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, कान मोडलेले, मान अजून बैलाची. वस्ताद दिलाचा चांगला, यात वाद नाही. पण मैदानात पोराची फासळी दुखावली की ओला पटका आवळून बांधायचा आणि हळद-तूप पाजायचं, हे त्यांचं शास्त्र, आणि त्या शास्त्रानं उठवलेले पैलवान गावात हिंडताना दिसत असल्यामुळं त्याला पुरावाही होता.

"सुटं हाड हाय म्हंता, आन् तसंच मोकळं सोडलंय?" वस्तादांनी डोक्याला हात लावला. "आरं, साधी खाट ढिली झाली तर आपन दोरीनं आवळतोय. ही तर छाती हाय."

लालासाहेबांनी दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. वस्तादांनी आपला पटका पाण्यात पिळला आणि सुभेदारांच्या छातीला वेढे घातले. प्रत्येक वेढ्याला सुभेदारांचे डोळे मिटत होते. शेवटची गाठ बसली आणि त्यांनी सुस्कारा टाकला. "बरं वाटलं गड्या. पयल्यांदाच."

"डॉक्टरला विचाराया पायजे," मनुबाई म्हणाली.

"विचारलं की न्हाईच म्हननार त्या," लालासाहेब म्हणाले. "वैनी, रातभर राहू द्या. सकाळी त्या तपासाया यायच्या आदी सोडत चला. दादांना बरं वाटतंय न्हवं? मग?"

सुभेदार खरंच निवांत दिसत होते. मनुबाईनं गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं. नर्सनं विचारलं तर थंडी वाजतेय म्हणून सांगितलं.

वस्ताद रोज संध्याकाळी येऊन पटका ओला करून बांधून जायचे. रोज सकाळी तिनं तो सोडला, पिळून खिडकीत वाळत घातला, आणि डॉक्टर नौशीन यायच्या तेव्हा सुभेदार मोकळ्या छातीनं, दम रोखून, सावधान पडल्यासारखे पडलेले असायचे. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावायच्या, कपाळाला आठी पाडायच्या. "काका, खोकून दाखवा." सुभेदार घसा साफ केल्यासारखं करायचे. "हे खोकणं नाही. दुखतं का?"

"दोन."

पण माणूस उतरत चालला. खाणं दोन घासांवर आलं. घशात कफ घुरघुरायला लागला. अंग तापायला लागलं. लडाखची गोष्ट अर्ध्यावर थांबू लागली, आणि ऐकणारे इतके शहाणे की, सुभेदार पाल्हाळ लावायचे कमी झाले, म्हणून खूश झाले. मनुबाईनं मात्र एक गोष्ट हेरली. नवऱ्याच्या तोंडून पूर्ण वाक्य आलं त्याला बराच वेळ झाला होता. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं तिला कधी एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. कवायतीच्या मैदानावरचा आवाज, तिचं तोंड उघडायच्या आत अख्खी ओसरी भरून टाकायचा. आणि आता पाणी मागायचं तर, "पा—" म्हणून हातानं पेला दाखवत होता.

त्या सकाळी तिनं त्यांचं अंग पुसलं, आणि पटक्याच्या गाठीकडं हात नेला नाही.

"सोड," सुभेदार म्हणाले. "बाई... येतील."

"न्हाई सोडत."

सुभेदारांना वाटलं, ऐकू आलं नसेल. "सोड म्हंतोय."

"ऐकलं मी. येऊ द्यात त्यास्नी. बगू द्यात, घरच्या मानसांनी काय करून ठिवलंय ते."

लालासाहेब सकाळच्या गाडीनं साताऱ्याहून नुकतेच आले होते आणि पेपर उघडून बसले होते. ते चटकन उठले. "वैनी, आसं काय करताय? मी सोडतो."

मनुबाई खाटेच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिली. साडेचार फुटांची बाई. पण लालासाहेबांचं पाऊल पुढं पडेना.

"भावजी, हात लावायचा न्हाई."

"आकल हाय का तुला?" सुभेदार चिडले. चिडले की त्यांची मान फुगायची, तशी ती फुगली. "चार मानसांत... माझी..."

"तुमची काय? बोला की! इज्जत? बोला पुरं."

"माझी..."

"आवं बोला! गावाला आईकू जाईल आसं बोलत हुतासा न्हवं? मी चहात साखर जादा घातली तर वेशीपातूर आवाज जात हुता. आज काय झालं? मी म्हंती तुमी खोटं बोलताय. पयल्या दिवसापास्नं खोटं बोलताय. डाक्टरला खोटं, पोराला खोटं, त्या गोळ्यांना सुदिक खोटं! करा गप मला. एक वाक्य बोला, मी गप बसती."

सुभेदारांनी उशीवरून डोकं उचललं. तोंड उघडलं. सबंध संताप गळ्यापर्यंत आलेला दिसत होता. वर यायला त्याला हवा नव्हती. "तू... मला..." आणि मग नुसतंच तोंड हलत राहिलं. ओठांचा रंग बदलू लागला. लालासाहेबांच्या हातातला पेपर खाली पडला.

डॉक्टर नौशीन दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते कुणाला कळलं नव्हतं. त्या दोन ढांगांत खाटेशी आल्या, पांघरूण ओढलं, आणि ओल्या पटक्याचे वेढे बघितले. मग कात्री मागितली. गाठ सोडत बसल्या नाहीत.

पटका कापला गेला तशी छाती उघडी पडली आणि आता ते सगळ्यांना दिसलं. सुभेदार श्वास ओढत होते, उजवी बाजू वर येत होती, आणि डावीकडचा वीतभर तुकडा आत, खोल, खड्ड्यासारखा जात होता. श्वास सोडला की तो वर. उलटा. सबंध माणूस एका बाजूला आणि तो तुकडा त्याच्या विरुद्ध. नर्सनं ऑक्सिजनचा मास्क लावला.

"कुणी बांधलं हे?" डॉक्टरांचा आवाज वाढला नव्हता, पण सावकाशपणा गेला होता.

"तसं ते... आपल्याकडं जुनी पद्धत..." लालासाहेबांनी सुरुवात केली.

"बांधलं जोतीराम वस्तादांनी," मनुबाई म्हणाली. "दार धरलं ह्या भावजींनी. आन् रोज तुमी यायच्या आदी सोडत हुते मी. तिघांचं काम हाय. त्यांनी सोसलं, म्हंजे चौघांचं."

"बांधलं की बरं वाटतं, कारण श्वासच कमी होतो," डॉक्टर म्हणाल्या. हात काम करत होते. "खाली फुप्फुसात हवा जात नाही, कफ तिथंच बसतो आणि सडतो. काका, मी तुम्हाला रोज विचारलं. रोज तुम्ही दोन सांगितलं, आणि मीही खोकणं ऐकायचं सोडून आकडा ऐकत बसले. आता शेवटचं विचारते. बाकीचे बाहेर जा."

लालासाहेब बाहेर गेले. मनुबाई हलली नाही, आणि तिला कुणी हलवलं नाही.

"किती दुखतंय?"

सुभेदारांनी छताकडं बघितलं. बोट वर केलं, दुसरं बोट त्याच्याजवळ आणलं, आणि मग हात खाली पडला. मास्कच्या आतून आवाज आला तो ऐकायला डॉक्टरांना वाकावं लागलं.

"लय," ते म्हणाले. आणि एक श्वास घेऊन, "पयल्यापास्नं."

मनुबाईला वाटलं होतं, हे ऐकलं की रडू येईल. रडू आलं नाही. अंगाचा असा भडका उडाला की तिनं खाटेचा लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरला.

दुपारपर्यंत फोटो, रक्त, तपासण्या झाल्या. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटला होता, निमोनिया सुरू झाला होता. डॉक्टरांनी पुन्हा दोन वाटा सांगितल्या. पण आता त्या पहिल्याइतक्या रुंद राहिल्या नव्हत्या. श्वासाच्या यंत्रावर घालून हाडं जुळायची वाट बघायची, त्यात आठवडे जातात आणि संसर्ग वाढतो. नाहीतर पट्ट्या बसवून छाती पक्की करायची आणि यंत्रावरून लवकर काढायचं. "मला दुसरी वाट बरी वाटते. पण ताप असताना करतेय. हमी देत नाही."

"मग हे आधीच का न्हाई केलं?" लालासाहेबांचा आवाज चढला. अपराध्याला आवाज चढवायला दुसऱ्याची चूक सापडावी लागते, आणि त्यांना ती सापडल्यासारखी वाटली. "आमी तवाच म्हनत हुतो ऑपरेशन करा!"

डॉक्टर नौशीननं त्यांच्याकडं पाहिलं. "आधी कदाचित ऑपरेशन लागलंच नसतं. पाठीतली नळी घेतली असती, खरं दुखणं सांगितलं असतं, खोकले असते, तर हाडं जुळलीही असती. किंवा नसती जुळली, तर मी पहिल्या दोन दिवसांत, ताप नसताना पट्ट्या बसवल्या असत्या. तुम्ही कापायची वाट पण नीट चालू दिली नाही आणि न कापायची पण नाही. कुठली बरी होती ते आता कुणालाच कळायचं नाही."

हे वाक्य मनुबाईच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. पट्टी बसवली का नाही, हे तिला तितकं लागलं नाही. दोन्ही दारं उघडी असताना घरच्यांनी माणसाला उंबऱ्यातच दाबून धरला होता, आणि त्यात तिचा हात होता.

संमतीचा कागद आला तेव्हा लालासाहेबांनी सवयीनं खिशातलं पेन काढलं. डॉक्टरांनी कागद सुभेदारांच्या पुढं धरला. "ज्यांची छाती त्यांना विचारते."

सुभेदारांनी बायकोकडं बघितलं. तिनं तोंड फिरवलं नाही आणि मानही हलवली नाही.

"करा," ते म्हणाले.

ऑपरेशनच्या वेळी भावकी पुन्हा जमली. मनुबाई त्यांच्यात बसली नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर तिनं ऋषिराजला फोन लावला.

"तुझा बा खोटं बोलला. सुट्टी माग."

"आई, कितपत हाय?"

"माग म्हनलं न्हवं?"

जोतीराम वस्ताद आले, तिच्यापुढं उभे राहिले आणि डोकं खाली घालून म्हणाले, "मनुबाई, मला वाटलं..."

"वस्ताद, तुमाला वाटलं, भावजींना वाटलं, मला वाटलं. त्यांना काय वाटतंय ते कुनी इचारलं न्हाई, आन् इचारलं तवा त्यांनी सांगितलं न्हाई. बसा तिकडं."

म्हातारा बसला. त्या दिवशी तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती झाली नाही.

यंत्रावरून काढायला वेळ लागला. मधे एक दिवस ताप असा चढला की डॉक्टर रात्री घरी गेल्या नाहीत. इंद्रजित येऊन कोपऱ्यात उभा राहिला. भरतीला जायचं त्यानं आपणहून रद्द केलं होतं, बापानं त्याबद्दल त्याला जिन्यात शिव्या दिल्या होत्या आणि त्यानं पहिल्यांदा उलट उत्तर दिलं होतं. मनुबाईनं त्याला जवळ बोलावलं नाही, हाकललंही नाही. ताप उतरला. नळी निघाली. छातीचा तो तुकडा आता बाकीच्या छातीबरोबर वर येत होता.

पण आत कफ होता, आणि तो खोकल्याशिवाय निघणार नव्हता. डॉक्टर नौशीननं उशी आणली. "ही छातीशी घट्ट धरायची आणि जोरात खोकायचं. पाठीतून औषध चालू आहे, तरी दुखेल. ओरडलात तरी चालेल. उलट बरंच."

नेमकी भेटायची वेळ होती. दारात लालासाहेब, वस्ताद आणि दोन माजी सैनिक, पुढचा मिशीवाला. सुभेदारांनी त्यांना पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं. मनुबाईनं ते पाहिलं. ती दार लावायला गेली नाही. तिनं ते अजून उघडं केलं. मग खाटेवर त्यांच्या पाठीशी बसली, दोन्ही हातांनी पुढून उशी त्यांच्या छातीवर दाबून धरली.

"खोका."

सुभेदारांनी घसा साफ केल्यासारखं केलं.

"ह्ये न्हवं. खोका!"

ते खोकले. पोटातून, सबंध अंग हलवून. आणि त्यांच्या तोंडातून इतक्या जोरात "आई गं!" निघालं की शेजारच्या वॉर्डातली माणसं उठून दारात आली. मिशीवाल्या फौजीनं नजर खाली केली.

"लय दुखतंय गं," सुभेदार म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"दुखू द्या. वरडा," मनुबाई म्हणाली. तिचा आवाज अजूनही रागानं कापत होता, आणि उशीवरची पकड तिनं जराही ढिली केली नाही. "सगळ्यांस्नी आईकू जाऊ दे. चला. आनि एकदा."